वही तिसरी: हशा नेमका कुठल्या शब्दावर पडतो?

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, दिवाळीपर्यंत वीस स्टँड-अप कलाकारांचे सेट, म्हणजे त्यांनी मंचावर सलग सादर केलेला मजकूर, ऐकून उतरवून काढीन. अकराच झाले. पण सातव्या-आठव्या सेटनंतर वहीत एक गोष्ट सारखी दिसायला लागली, आणि पुढे जाण्याऐवजी मी जुनेच सेट पुन्हा काढून बसलो. आजची नोंद त्याबद्दलच आहे.

पद्धत तीच. सकाळी ठाण्याहून वाशीची ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की अर्धा तास हातात असतो. जाताना सेट नुसता ऐकायचा. येताना तोच सेट पुन्हा, या वेळी वही मांडीवर. लोक हसले तिथे लाल उभी रेघ, कलाकार थांबला तिथे टिंबं, सेकंदाला एक. रात्री घरी शब्दन् शब्द लिहून काढायचा, ‘म्हणजे’, ‘तर मग’, ‘काय झालं ना’ यांच्यासकट. दहा मिनिटांच्या सेटला दोन रात्री लागतात. यात घाई केली की सगळंच हातचं जातं, हे पहिल्या वहीपासून सांगतोय.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एक सूचना. एकट्याने ऐकताना हसू आलं नाही म्हणून सेट बाजूला टाकू नका. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाने माणसं कधी आणि कशी हसतात याची बरीच वर्षं निरीक्षणं केली. त्याला दिसलं की एकटा असताना माणूस जेवढं हसतो, त्याच्या साधारण ३० पट जास्त तो चार माणसांत हसतो. हेडफोन लावून घणसोली-कोपरखैरणेच्या मध्ये जो विनोद नुसता ‘बरा’ वाटला होता, त्याच विनोदावर रविवारी आमच्या नौपाड्याच्या घरात पाच जण एकदम फुटले आहेत. म्हणून महिन्यातला एक रविवार आम्ही एकत्र ऐकतो.

सप्टेंबरचा रविवार चांगलाच लांबला. ठरलं होतं की प्रत्येकाने आपल्या सगळ्यात आवडत्या कलाकाराचं एकच बिट, म्हणजे सेटमधला एका विषयावरचा तुकडा, आणायचं आणि तो का आवडतो ते दोन वाक्यांत सांगायचं. दोन वाक्यांत कुणाचंच भागलं नाही. सकाळी आणलेली मामलेदारची मिसळ संपून दुपारचा चहा झाला तरी आम्ही तिसऱ्याच नावावर होतो.

घणसोलीच्या मित्राने राजू श्रीवास्तव आणला. २००५ साली स्टार वनवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ लागायचं तेव्हा तो शाळेत होता. ती पहिली स्पर्धा आपल्या सुनील पालने जिंकली, पण मित्राच्या घरात आजही नाव निघतं ते राजूचं. त्याचं म्हणणं असं की राजूच्या नकला लोकांच्या लक्षात राहिल्या, पण त्याची खरी ताकद बोलता न येणाऱ्या वस्तूंना बोलतं करण्यात होती. लग्नाच्या ताटातले पदार्थसुद्धा त्याच्याकडे आपापलं गाऱ्हाणं घेऊन येतात. हे ऐकताच मी अमेरिकी स्टँड-अप कलाकार रिचर्ड प्रायरचा १९७९ चा कार्यक्रम लावला. त्यात प्रायर स्वतःला आलेला हार्ट अॅटॅक उभा करतो. त्याचं हृदयच त्याला दम देतं आणि तो गयावया करत खाली कोसळतो. एक अमेरिकेतल्या पिओरियाचा, दुसरा कानपूरचा, पण दोघांच्या हातात एकच किल्ली. जे मुकं आहे त्याला आवाज दिला की ऐकणारा आपोआप त्याची बाजू घेतो. विंचवाला आणि कुत्र्यालाही बोलावून घेणाऱ्या भारुडांच्या मुलखात हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागू नये.

ऐरोलीच्या ताईंनी उरूज अश्फाकचं बिट लावलं. २०२३ साली एडिंबराच्या कॉमेडी पुरस्कारांत तिला सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला. ताई शाळेत शिकवतात, त्यामुळे त्यांचं कारण मला फार पटलं. त्या म्हणाल्या, “ही आवाज चढवतच नाही. वर्गात मुलं सगळ्यात शांत कधी होतात? बाई हळू बोलायला लागल्या की.”

मी झाकीर खानवर बोललो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीतून कार्यक्रम केला, ही बातमी मी दिवसभर सगळ्यांना सांगत सुटलो होतो. इंदूरच्या गल्लीत जसा बोलला असता तसाच तो तिथे बोलला याचा मला मनापासून आनंद आहे. त्याच्याकडे विनोद दाटीवाटीने येत नाहीत. तो आधी माणूस उभा करतो, त्याचे वडील, त्याचे मित्र, त्याचं फसलेलं प्रेम. मग हशा येतो तो ओळखीच्या माणसाला भेटल्यावर येतो तसा. माझ्या वहीत त्याच्या पानांवर लाल रेघा कमी आणि टिंबं जास्त आहेत.

शेजारच्या काकांनी मात्र मोबाइल काढलाच नाही. सत्तरी ओलांडलेले काका नुसते सरसावून बसले आणि लक्ष्मण देशपांडे सांगायला लागले. औरंगाबादचा हा एकच माणूस ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ पात्रं करायचा. काका म्हणाले, “अरे, पडद्यामागे जाणं नाही, कपडे बदलणं नाही. मान वळली की माणूस बदलला.” मग वाद झाला की हे स्टँड-अप म्हणायचं का. माझं मत असं: एकपात्रीत कलाकार पात्रांच्या आड जातो, स्टँड-अपमध्ये तो स्वतःच्या नावाने उभा राहतो. हा फरक आहे आणि तो मानावा. पण टाळी कुठे घ्यायची, श्वास कुठे सोडायचा हे शिकायचं असेल तर एकपात्री आणि कथाकथन सोडून चालणार नाही. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव जाऊन व्यासपीठावरून गोष्टी सांगायचे. आज ज्याला टूर म्हणतात ती आपल्याकडे साहित्यिकांनी केलेली आहे.

काकांमुळेच आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या तलावपाळीजवळचं रंगायतन ज्यांच्या नावाने आहे ते राम गणेश गडकरी, म्हणजे विनोदी लेखनातले ‘बाळकराम’, २३ जानेवारी १९१९ ला गेले. आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पु. ल. देशपांडे जन्मले. इतकी वर्षं त्या इमारतीवरून जातोय, हे कधी जुळवून पाहिलं नव्हतं.

आता वहीत काय सापडलं ते.

अमेरिकी स्टँड-अप कलाकार जेरी साइनफेल्ड पिवळ्या लीगल पॅडवर हाताने लिहितो आणि एकेका शब्दावर दिवस घालवतो. इंग्रजीत शिकवणारे सगळे सांगतात की गमतीचा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवा, त्यानंतर एक अक्षरही बोलू नका, कारण लोक हसायला लागलेले असतात. इंग्रजीत ते सोपं जातं, वस्तूचं नाव सहज शेवटी येतं. मराठी वाक्य मात्र क्रियापदावर संपतं. ‘फ्रिजचं वॉरंटी कार्ड बाबांनी पंचवीस वर्षं जपून ठेवलंय.’ यात गंमत ‘वॉरंटी कार्डा’त आहे आणि ते पहिल्या घासालाच खाऊन झालं. उरलेलं वाक्य नुसतं आवरतं घेणं.

मग आपले चांगले कलाकार करतात काय? एक तर शेपूट मागे टाकतात: ‘बाबांनी पंचवीस वर्षं जपून ठेवलंय… फ्रिजचं वॉरंटी कार्ड.’ आपण घरात बोलतानाही असंच बोलतो, त्यामुळे कानाला खटकत नाही. नाहीतर स्वतःच प्रश्न विचारतात: ‘जपून ठेवलंय काय? वॉरंटी कार्ड.’ २०१६ साली सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या यूट्यूब चॅनलने मराठी स्टँड-अप तरुण पोरांपर्यंत नेलं, त्या पिढीतल्या बऱ्याच जणांकडे ही प्रश्नाची तऱ्हा वारंवार ऐकू येते. चालते, पण पाच मिनिटांत चौथ्यांदा आली की प्रेक्षक आधीच उत्तर धरून बसतो. दोन सेटमध्ये ते होताना मी स्पष्ट ऐकलंय.

सगळ्यात ताकदीची जागा तिसरीच निघाली. क्रियापद शेवटी येणारच असेल तर गंमतच क्रियापदात ठेवायची. मावसभाऊ ‘आला’ म्हटलं की काही होत नाही. मावसभाऊ ‘उगवला’ म्हटलं की त्याचं न कळवता येणं दिसतं, ‘टपकला’ म्हटलं की वेळ चुकलेली दिसते, आणि ‘कडमडला’ म्हटलं की सांगणाऱ्याचं त्याच्याशी काय नातं आहे ते पूर्ण कळतं. एका शब्दात. बोलणं, बरळणं, पचकणं, पुटपुटणं. खाणं, चापणं, हादडणं, गिळणं. आपल्या भाषेने हे भांडार भरून ठेवलंय ते नेमकं वाक्याच्या शेवटच्या खणात. हे लक्षात आल्यावर मी जुनी पानं हिरव्या पेनने पुन्हा तपासली. मराठीतल्या लाल रेघांच्या आधीचा शब्द कितीतरी ठिकाणी क्रियापद होता, आणि तेही साधं ‘होतं’-‘आहे’ नव्हे, असं रंगाचं.

हे मला माझ्या माझ्याने सापडलं असं म्हणणार नाही. ऑगस्टमध्ये वाशीच्या एका कॅफेत मी पाच मिनिटांचा मराठी सेट केला होता. चाळीस खुर्च्या, निम्म्या भरलेल्या. वहीत नोंद आहे: तीन हशे, त्यांतला एक अर्धवट. रेकॉर्डिंग घरी लावलं तेव्हा बाबा बाजूला पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

“तू शेवटचा शब्द खातोस.”

“म्हणजे?”

“वाक्य संपत आलं की आवाज खाली जातो तुझा. माणूस जिना उतरतो तसा. पुलं ऐक. शेवटच्या पायरीवर पाय वाजतो की नाही बघ.”

बाबांच्या कपाटात पुलंच्या कॅसेट आहेत. आमच्या पिढीने त्या पाठ होईपर्यंत ऐकल्यात आणि म्हणूनच बहुधा नीट ऐकल्या नाहीत. त्या रात्री आम्ही दोघांनी ‘अंतू बर्वा’ ऐकलं, शब्दांकडे दुर्लक्ष करून, फक्त वाक्यांची टोकं. बाबांचं म्हणणं खरं होतं. आवाज मऊ होतो, हळू होतो, पण शेवटचा शब्द पूर्ण उच्चारलेला असतो, अगदी शेवटच्या अनुस्वारापर्यंत. रत्नागिरीच्या त्या म्हाताऱ्याचा सगळा खवचटपणा त्या टोकावर तोललेला आहे. मग विराम. तो विरामही रिकामा नाही, बोलणारा समोरच्याकडे बघतोय हे त्यात कळतं. बाबा मधूनच हात वर करून म्हणायचे, “थांब, इथे,” आणि खरोखर तिथेच हशा यायचा. चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेल्या जागा त्यांच्या हातात आहेत.

त्यानंतर दीड महिना मी एकच सराव केला. तोच सेट, पण प्रत्येक वाक्याचं शेवटचं पद अधोरेखित करून. जिथे ‘होतं’ होतं तिथे दुसरं क्रियापद बसतंय का पाहिलं, जिथे बसत नाही तिथे शेपूट मागे टाकलं आणि तीन ठिकाणी क्रियापद सरळ काढून टाकलं. मोठ्याने म्हणताना हनुवटी वर ठेवायची. हनुवटी खाली गेली की आवाजही जातो. खाडीवरच्या पुलावरून ऐरोलीहून येताना गाडीचा आवाज इतका असतो की तेवढ्यात चार ओळी मोठ्याने म्हणून होतात.

ऑक्टोबरमध्ये त्याच कॅफेत, तोच मजकूर, तेवढीच माणसं. नऊ हशे. एक कॉलबॅकवर, म्हणजे आधीच्या विनोदाची पुन्हा आठवण काढणाऱ्या जागेवर, जो ऑगस्टमध्ये पूर्ण वाया गेला होता. सेटमध्ये नवा विनोद एकही नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो. नऊपैकी पाच क्रियापदावर आले, दोन मागे टाकलेल्या शेपटावर. उरलेले दोन कशावर आले ते रेकॉर्डिंग चार वेळा ऐकूनही ठरवता आलं नाही. ताईंच्या मते माझ्या थांबण्यावर.

मोठ्या नाट्यगृहात हे गणित बदलतं असा माझा अंदाज आहे. रंगायतन दुरुस्तीनंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं, तिथे एका मराठी स्टँड-अप प्रयोगाला मी मुद्दाम बाल्कनीत बसलो. हशा पुढच्या रांगांतून उठून मागे येतो तोवर कलाकाराने पुढचं वाक्य सुरू केलेलं असतं आणि त्याचे पहिले दोन-तीन शब्द बुडतात. शेवटचं क्रियापद वाचतं, सुरुवात जाते. तसं असेल तर मोठ्या हॉलसाठी वाक्याची सुरुवातही बिनमहत्त्वाच्या शब्दांनी करायला हवी. ‘तर मग काय झालं’ हे भरताड नसून उशी असावी. एका प्रयोगावरून ठामपणे सांगत नाही.

पुढच्या महिन्यासाठी दोन कामं. बाराव्या सेटला हात घालायचा, तो सुमुखी सुरेशचा. आणि एक विनंती आहे. लक्ष्मण देशपांड्यांच्या प्रयोगाची वेगवेगळ्या वर्षांतली दोन रेकॉर्डिंग कुणाकडे असतील, कॅसेट असली तरी चालेल, तर कळवा. तोच प्रसंग, तेच वाक्य, दहा वर्षांच्या अंतराने तो किती टिंबं थांबला हे मला मोजायचंय. कॅसेट प्लेयर बाबांकडे आहे, पट्टा नवीन घातलाय.