दुब्रोवनिक: तटबंदीच्या आत राहावे की बाहेर?

क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला एड्रियाटिक समुद्राच्या काठी वसलेल्या दुब्रोवनिकला जायचे ठरले की बहुतेक जण आधी काय पाहायचे याची यादी करतात. माझ्या मते आधी राहायचे कुठे हे ठरवावे. सुमारे १९४० मीटर लांबीच्या तटबंदीच्या आत असलेले जुने शहर इतके आटोपशीर आहे की एका दरवाजापासून दुसऱ्या दरवाजापर्यंत दहा मिनिटांत चालत जाता येते. मात्र सकाळी सातला दिसणारे शहर आणि दुपारी बाराला दिसणारे शहर एकच आहे यावर विश्वास बसू नये, इतका फरक त्यांच्यात असतो. ग्रूझ बंदरात लागलेल्या पर्यटक जहाजांवरचे गट दहाच्या सुमारास पश्चिमेच्या पिले दरवाजातून आत येऊ लागतात आणि संध्याकाळी जहाजे सुटायच्या वेळेला ओसरतात. नगरपालिकेने काही वर्षांपूर्वी एका वेळी दोनच मोठी जहाजे येऊ देण्याचे धोरण स्वीकारले आणि त्यामुळे पूर्वीची चेंगराचेंगरी बरीच कमी झाली, तरीही भर दुपारी मुख्य रस्त्यावर माणसांच्या डोक्यांखेरीज फारसे काही दिसत नाही. यांपैकी कोणते शहर आपल्या वाट्याला येणार, हे आपला मुक्काम कुठे आहे यावर अवलंबून असते.

आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस गेलो होतो. सोबत माझी आई होती आणि तिला गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून मुक्काम आम्ही दोन ठिकाणी विभागला होता: आधी तटबंदीच्या आत आणि नंतर लापाद या उपनगरात. त्यामुळे दोन्हींची तुलना स्वानुभवावरून करता येते.

जुन्या शहरात खोली घेण्यापूर्वी तिथला चढउतार समजून घ्यावा. स्त्रादुन हा शहराचा मधला रुंद रस्ता एके काळी समुद्राची उथळ खाडी होता. दक्षिणेला खडकावरची वस्ती, उत्तरेला डोंगराच्या पायथ्याची वस्ती आणि मध्ये पाणी. पुढे ही खाडी बुजवून दोन्ही वस्त्या जोडल्या गेल्या. म्हणूनच स्त्रादुन सपाट आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन चढत जाते. उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे प्रिएको नावाच्या समांतर गल्लीला छेदून थेट तटाखालच्या पेलिने गल्लीपर्यंत जाणारे सरळ, अरुंद जिने आहेत. कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे यांच्यामुळे ते छायाचित्रात सुरेख दिसतात, पण हातात वीस किलोची बॅग असताना त्यांचा खरा स्वभाव कळतो. दक्षिणेचा भाग, विशेषतः कॅथीड्रलच्या मागची पुस्तियेर्ना ही जुनी वस्ती, त्या मानाने सौम्य आहे, आणि आमची खोली तिथेच होती. घरमालकांना दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत: स्त्रादुनपासून घराच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि दारापासून खोलीपर्यंत किती. जाहिरातीत बहुधा पहिलाच आकडा दिलेला असतो. १६६७ च्या भूकंपानंतर नव्याने बांधलेली ही घरे अरुंद आणि उंच आहेत. उष्णता आणि आगीचे भय खालच्या मजल्यांपासून दूर राहावे म्हणून स्वयंपाकघर सर्वांत वर ठेवण्याची इथली जुनी पद्धत होती, आणि लिफ्ट जवळपास कुठेच नाही. आत प्रवासी वाहनांना प्रवेश नसल्याने टॅक्सी पिले किंवा पूर्वेच्या प्लोचे दरवाजाशीच सोडते.

आवाजाचाही विचार करावा. प्रिएको गल्लीत उपाहारगृहांच्या मेजांची रांग रात्री उशिरापर्यंत असते, दगडी भिंतींमुळे बोलणे वरच्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येते, आणि सकाळी लवकर दुकानांचा माल आणणाऱ्या छोट्या गाड्यांची ये-जा सुरू होते. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी रस्त्याकडे खिडकी नसलेली खोली मागून घ्यावी.

एवढ्या अडचणी सांगूनही, पायऱ्या चढण्याची ताकद असणाऱ्या प्रत्येकाने निदान दोन रात्री तरी तटाच्या आत काढाव्यात असेच मी सांगेन. पहाटे स्त्रादुनवर पाऊल ठेवले की शतकानुशतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेली चुनखडकाची फरशी ओली नसतानाही ओली भासते. दुकाने उघडण्यापूर्वी त्यांच्या दर्शनी भागाची रचना नीट पाहता येते: एकाच कमानीत दरवाजा आणि त्याला लागून गुडघ्याच्या वर उंचीचा दगडी कट्टा असलेली खिडकी. कट्ट्यावर माल मांडायचा आणि गिऱ्हाइकाने बाहेर उभे राहूनच खरेदी करायची, अशी सोय होती. भूकंपानंतर तेव्हाच्या दुब्रोवनिक प्रजासत्ताकाने मुख्य रस्त्यावरची घरे एकाच धर्तीवर बांधायला लावली, त्यामुळे ही कमान ओळीने दिसत राहते. गुंडुलिच चौकातला सकाळचा बाजार त्याच वेळी लागतो. आसपासच्या गावांतून आलेल्या बायका सुकी अंजिरे, लव्हेंडरच्या पुरचुंड्या आणि साखरेत घोळवलेल्या संत्र्याच्या साली विकतात. आईने एका आजींकडून या साली घेतल्या. दोघींना एकमेकींची भाषा अजिबात येत नसताना, साल किती कोवळी हवी याची चर्चा बोटांच्या खुणांनी बराच वेळ चालली होती.

तटबंदीवरची फेरी सकाळी दरवाजे उघडताच सुरू करावी. आत राहण्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे, कारण वर सावली जवळपास नाहीच आणि अकरानंतर दगड तापतो. फेरी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट करावी लागते. पिलेच्या प्रवेशद्वाराशी रांग मोठी असते. प्लोचेच्या बाजूने चढल्यास उत्तरेकडची चढण आणि मिंचेता बुरूज उन्हाआधी आटोपतो आणि समुद्राची बाजू नंतर येते. तिकीट महाग आहे. पण शहराचा जो पास मिळतो त्यात तटबंदी, काही संग्रहालये आणि शहर बसचा प्रवास एकत्र असतो, त्यामुळे सुटे तिकीट घेण्यापूर्वी पासची किंमत जरूर पाहावी.

वरून छपरे पाहताना एक गोष्ट लक्षात येते. काही कौले फिकट, डागाळलेली, पिवळसर तपकिरी आहेत आणि बरीचशी एकसारखी भडक केशरी. १९९१ च्या शरद ऋतूपासून पुढच्या वर्षापर्यंत युगोस्लाव्ह सैन्याने या शहराला वेढा घातला होता. ६ डिसेंबर १९९१ रोजी सर्वांत भीषण तोफमारा झाला. केशरी कौले त्यानंतरची आहेत. युनेस्कोने १९७९ मध्येच जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या शहरावर हे घडले. कोणत्या घरावर काय पडले याचा नकाशा जुन्या शहराच्या प्रवेशापाशी लावलेला आहे. तट चढण्यापूर्वी तो वाचला, तर वरून दिसणाऱ्या छपरांकडे नुसते सुंदर दृश्य म्हणून पाहता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने ते योग्यच आहे.

मराठी वाचकाला, विशेषतः गोव्याशी नाते असलेल्याला, संत व्लाहोच्या चर्चमध्ये थोडा जास्त वेळ द्यावासा वाटेल. हा शहराचा रक्षक संत. तटावर आणि दरवाजांवर हातात शहराची प्रतिकृती धरलेली त्याची मूर्ती जागोजागी दिसते. चर्चमधल्या मुख्य वेदीवरच्या चांदीच्या मूर्तीच्या हातात भूकंपापूर्वीचे शहर आहे, म्हणजे आज नसलेल्या इमारतीही तिथे पाहता येतात. जुन्या गोव्याजवळच्या गांडावली गावात याच संताच्या पोर्तुगीज नावाचे साव ब्राझ चर्च आहे, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात तिथे पोहोचलेल्या रागुसाच्या, म्हणजे दुब्रोवनिकच्या, दर्यावर्दी व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. एवढेसे प्रजासत्ताक इतक्या दूरच्या किनाऱ्यांवर वावरत होते हे इथल्या बंदरात उभे राहिल्यावर पटते. १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशांतून येणाऱ्यांना शहरात शिरण्यापूर्वी तीस दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा याच शहराने केला होता. प्लोचे दरवाजाबाहेरची लाझारेती ही नंतर बांधलेली विलगीकरणाची वास्तू आजही उभी आहे आणि तिथून पुढे समुद्रकिनाऱ्याकडे जाता येते.

आता तटबंदीबाहेरच्या जागा. प्लोचे हा पूर्वेकडचा भाग जुन्या शहराच्या सर्वांत सुंदर दृश्यासाठी ओळखला जातो. हॉटेले महाग आहेत आणि रस्ता चढाचा आहे, पण बजेट असेल तर आत राहण्याचे बहुतेक फायदे कमी पायऱ्यांत मिळू शकतात. ग्रूझ म्हणजे बंदर आणि बसस्थानक. तिथे खोल्या त्यामानाने स्वस्त आहेत, मासळी आणि भाजीचा रोजचा बाजार आहे, आणि सकाळच्या बोटीने बेटांवर किंवा बसने स्प्लिटला निघायचे असेल तर तिथेच राहणे शहाणपणाचे. वातावरण मात्र कामाच्या गावाचे आहे.

वयस्कर माणसे किंवा लहान मुले बरोबर असतील तर लापादला पर्याय नाही. उवाला लापाद या खाडीशी जाणारा झाडांच्या सावलीतला पादचारी रस्ता सपाट आहे, दोन्ही बाजूंना बसायला बाके आहेत, आणि शेवटी गोट्यांचा छोटा समुद्रकिनारा. आई इथे रोज संध्याकाळी एकटी फिरायला जाऊ शकली, जे जुन्या शहरात शक्य नव्हते. सहा क्रमांकाची बस इथून पिले दरवाजापर्यंत जाते. तिकीट आधी टपरीवर घ्यावे, चालकाकडे ते महाग पडते. पाण्यात उतरताना रबरी बूट घालावेत, कारण तळाशी वाळू नसून दगड आहेत आणि खडकांच्या खाचांत समुद्री साळू असतात.

जुन्या शहरातली खोली निवडताना आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १९९१ च्या सुमारास तटाच्या आत जवळपास पाच हजार लोक राहत होते. आज त्याच्या निम्मेही उरलेले नाहीत, कारण घरे पाहुण्यांच्या खोल्या झाली. शक्य असेल तिथे घरमालक त्याच इमारतीत राहत असेल अशी जागा निवडावी. आमच्या घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहत होत्या, आणि रात्री नळ गळू लागला तेव्हा फोनवरच्या अनोळखी व्यवस्थापकाऐवजी शेजारचे दार वाजवणे पुरले. पासपोर्ट सगळीकडे मागितला जातो. परदेशी पाहुण्यांची नोंद करणे मालकावर बंधनकारक असल्याने त्यात संशय घेण्यासारखे काही नाही.

शाकाहारींनी घाबरू नये. ब्लितवा, म्हणजे ऑलिव्ह तेल आणि लसूण घालून उकडलेल्या बटाट्यांबरोबर परतलेली पालेभाजी, बहुतेक ठिकाणी मिळते; ती माशाबरोबरची जोड म्हणून यादीत असते, म्हणून वेगळी मागावी लागते. मासळी खाणाऱ्यांनी स्तोनचे शिंपले जरूर खावेत. पिण्याचे पाणी पिले दरवाजाजवळच्या १४३८ च्या ओनोफ्रियो कारंज्यातून भरून घेता येते, त्यामुळे बाटल्या विकत घेण्याची गरज नाही.

१ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आहे आणि चलन युरो आहे, म्हणून इटली किंवा ग्रीसच्या सहलीला हे शहर त्याच व्हिसावर जोडता येते. मात्र बोस्नियातील मोस्तार किंवा मॉन्टेनेग्रोतील कोतोरची एका दिवसाची सहल म्हणजे शेंगेनबाहेर जाऊन परत येणे. त्यासाठी अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा हवा आणि त्या देशांचे त्या वेळचे नियम निघण्यापूर्वी तपासायला हवेत. स्प्लिटहून रस्त्याने येताना पूर्वी बोस्नियाची नेउमची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल खुला झाल्यापासून ती टाळता येते. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्यांनी आपली बस पुलावरून जाते की नेउममार्गे, हे तिकीट काढतानाच विचारावे. विमानतळ शहराच्या आग्नेयेला सुमारे वीस किलोमीटरवर आहे. येताना बसमध्ये डावीकडची जागा धरावी, समुद्र आणि शेवटी सबंध तटबंदी त्याच बाजूला दिसते. परतीची बस कुठल्या थांब्यावरून सुटते हे घरमालकांना आदल्या दिवशी विचारून ठेवावे, कारण तो थांबा येतानाच्या थांब्याहून वेगळा असू शकतो आणि बॅगा घेऊन चढण चढावी लागू शकते.