पंखा फक्त चार नंबरवर

गाडीच्या हीटरचा पंखा एक, दोन, तीनवर गप्प आणि चारवर मात्र घोंघावत सुटतो, तेव्हा मोटर गेलेली नसते. मोटर गेली असती तर चारवरही फिरली नसती. फ्यूजही शाबूत असतो. जवळजवळ नक्की गेलेला असतो तो ब्लोअरचा, म्हणजे याच पंख्याचा, रेझिस्टर, आपल्याकडचे एसीवाले ज्याला ‘रेझिस्टन्स’ म्हणतात तो. बिघाड इतकं सरळ सांगतो, तरी इथे अमेरिकेतल्या वर्कशॉपमध्ये आधी तपासणीचे पैसे, मग तासावर मजुरी. मला मिळालेल्या अंदाजपत्रकात मजुरीच वस्तूच्या कितीतरी पट होती. कागद घडी करून खिशात घातला आणि घरी आलो.

मिनेसोटात जानेवारीत हा पंखा म्हणजे चैन नव्हे. बाहेर उणे 20 सेल्सिअस असताना गाडीत बसलं की आपल्याच श्वासाची वाफ काचेवर आतून गोठते. बाहेरचा बर्फ खरवडता येतो. आतला घालवायला गरम, कोरडी हवा सतत लागते. खंडाळ्याच्या घाटात पावसात काच धुरकटली की आपण एसी लावतो, त्यातही मुद्दा हवा कोरडी करण्याचाच. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियमांमध्ये काचेवरचं बाष्प आणि हिम घालवण्याच्या यंत्रणेसाठी वेगळा नियम आहे, क्रमांक 103. चार नंबरवर काच साफ होत होती, नाही असं नाही. पण त्या आवाजात शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि मग घरी पोचेपर्यंत दोघांचाही सूर तोच राहायचा.

रेझिस्टर म्हणजे तळहातावर मावेल एवढा तुकडा. आमच्या गाडीत त्यावर उघड्या तारांची वेटोळी आहेत, टोस्टरमधल्या तारेसारखी. काहींत सिरॅमिकची चपटी पट्टी असते. एक नंबरवर वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, म्हणून मोटरला कमी मिळते आणि ती हळू फिरते. दोन, तीनवर वाटेतली वेटोळी कमी होत जातात. चारवर वीज रेझिस्टरला वगळून थेट मोटरकडे जाते, म्हणून तेवढा चार नंबर वाचतो. अडवलेल्या विजेची उष्णता होते, आणि ती घालवण्यासाठी हा तुकडा पंख्याच्याच वाऱ्यात बसवलेला असतो. त्यावर एक थर्मल फ्यूज असतो. उष्णता हाताबाहेर गेली की तो तुटतो आणि खालचे तिन्ही नंबर एकदम जातात. ज्यांची गाडी आपोआप तापमान सांभाळते, त्यांच्याकडे बहुधा या जागी ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं. ते महाग, आणि त्याची लक्षणंही वेगळी.

आमच्या भाडेकरारात पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई आहे. म्हणून मराठी मंडळातल्या एका काकांचं गॅरेज मागितलं. काका आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्स बघून निवृत्त झालेले. मी नवा रेझिस्टर दाखवला तर त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“जुना का जळला, ते बघितलंस का?”

“नाही काका, अजून उघडलंच नाही.”

“मग आधी मोटर काढ. नुसता हा बदललास तर पुढच्या महिन्यात परत माझ्याच दारात येशील.”

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून आम्ही आधी चहा घेतला. ग्लव्ह बॉक्सच्या वरच प्रवाशाची एअरबॅग असते, तेव्हा थोडा वेळ जाऊ द्यावा आणि पिवळ्या कनेक्टरला हात लावू नये. इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून ग्लव्ह बॉक्स उजवीकडे. त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो पूर्ण खाली लोंबतो. मागे केबिन फिल्टर, खाली मोटर, आणि मोटरशेजारी दोन स्क्रूंवर रेझिस्टर. गाडी नुकतीच चालवून आणली होती ते बरं झालं. गारठलेलं प्लास्टिक काचेसारखं तडकतं. कनेक्टरची खिटी तुटली की पुढे तो सैल बसतो आणि तापतो. मल्टिमीटर लावला, तर जुन्या रेझिस्टरमध्ये विजेचा रस्ता पूर्ण तुटलेला.

खरी मजा मोटर खाली उतरवल्यावर आली. पंख्याच्या पात्यांत मेपलची वाळकी पानं, आणि फिल्टरवर उंदराने कापूस न् बिया आणून थाटलेला संसार. इथे थंडी पडायला लागली की उंदीर उबेला गाड्यांत शिरतात. हवा अडली की रेझिस्टरला गारवा कमी मिळतो. पंखा जड फिरला, तर मोटर जास्त वीज ओढते आणि तीही याच तारांतून जाते. काकांनी पातं बोटाने फिरवून कान लावला. बेअरिंग ठीक होतं, म्हणून मोटर तीच ठेवली. ते कुरकुरत असतं तर तीही बदलावी लागली असती. उंदराचं घर मात्र काकूंनी, हातमोजे घालून आणि आम्हाला चार शब्द सुनावून, बाहेर टाकलं.

कनेक्टरचं प्लास्टिक वितळलेलं वा तपकिरी झालेलं दिसलं, तर तो तुकडाही नवा जोडावा. आमचा स्वच्छ होता. नवा रेझिस्टर, नवा फिल्टर, आणि एक नंबरवर पंखा पुन्हा फिरला.

तिकडे तुमच्या गाडीत हेच झालं आणि एसीवाला “गॅस कमी झालाय” म्हणाला, तर त्याला चारवर पंखा लावून दाखवा. गॅस कमी असेल तर हवा गार येत नाही; पंख्याच्या नंबरांशी गॅसचा काही संबंध नाही.