तुम्ही विचारलंत म्हणून: आधी सोडू की आधी शोधू?

सकाळी मी सोलापुरात टॅलीचे, म्हणजे संगणकावर हिशेब ठेवायचे, क्लास घेते. माझी बरीचशी मुलं दुपारनंतर कामाला जातात. कुणी नवी पेठेत कापड दुकानात, कुणी मेडिकलमध्ये, कुणी गारमेंटच्या कारखान्यात बिलं करायला. क्लास सुटला की एखादी मुलगी मागे रेंगाळते आणि विचारते, "मॅडम, हे काम सोडू का? का दुसरं मिळेपर्यंत थांबू?" घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं: हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको. माझं उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असतं. जवळचे पैसे किती दिवस पुरतील आणि परीक्षा कधी आहे.

२०१३ साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मंगळवेढ्याकडून आलेली, भवानी पेठेत तिघींत एक खोली. घरून ज्वारीचं पीठ यायचं, पैसे यायचे नाहीत. चाटी गल्लीजवळ टॉवेल-चादरीच्या एका होलसेल दुकानात चार ते नऊ काम होतं, पगार तीन हजार. लग्नसराईत आहेराच्या टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे बांधायचे, एरवी डझन मोजायचे, लेबल लावायचं, बिल लिहायचं. कोऱ्या टॉवेलचे तंतू इतके उडायचे की रात्री नाक शिंकरलं तरी रंगीत निघायचं.

नवरात्र जवळ आलं तसे नऊचे साडेदहा झाले. परीक्षा दिवाळीच्या तोंडावर होती. मालकांना म्हटलं, महिनाभर सातला सोडा. ते म्हणाले, "दिवाळी होऊ दे, मग बघू." दुसरं काम शोधायचं तर जायचं कधी? ज्या वेळेत दुकानांचे मालक गल्ल्यावर भेटतात, नेमक्या त्याच वेळेत मी या दुकानात अडकलेली. 'आधी शोध, मग सोड' असं सांगणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. मुलांजवळ शोधायला तेवढेच तास असतात, आणि ते आधीच विकलेले असतात.

दुकानात एक अक्का होत्या. सोलापुरी चादरीची घडी एकटीने नीट बसत नाही. समोरासमोर उभं राहून चारही टोकं ताणायची, मग एकीने पुढे येऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि वाकून खालची घडी उचलायची. अशीच टोकं हातात देताना मी त्यांना म्हटलं, उद्यापासून येत नाही. त्यांनी चादर सोडली नाही. "जमा किती हाय गं?" म्हणाल्या. मला सांगताच येईना.

त्या रात्री पहिल्यांदा वही काढली. शिल्लक चार हजार दोनशे. खोलीचे नऊशे, मेसचे पंधराशे. ऑक्टोबरचे दोन्ही देऊन झाले होते. म्हणजे नोव्हेंबर पूर्ण आणि डिसेंबरचे तीन आठवडे निघत होते. परीक्षा संपल्यावर शोधायला पाच आठवडे मिळत होते. दुकानाकडून यायचा पगार मी त्यात धरला नाही, आणि तुम्हीही धरू नका. मी पंधरा दिवस आधी सांगून, बिलबुकं मोजून देऊन निघाले. तरी शेवटच्या दहा दिवसांच्या हजारासाठी चार खेपा घालाव्या लागल्या आणि हातात सातशेच पडले. तेव्हा मी गप्प बसले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता हा पगाराचा कायदा लागू आहे; तिच्या १७व्या कलमाप्रमाणे राजीनामा दिलेल्याचाही पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो. मालकांना हे शांतपणे सांगा, आणि हजेरीच्या पानाचा फोटो आधीच काढून ठेवा.

पुढचं काम अक्कांमुळेच मिळालं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात बिलं लिहायला मुलगी हवी होती, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनीच निरोप पाठवला. भांडून निघाले असते तर त्यांनी माझं नाव सुचवलं असतं का, मला शंका आहे.

सोलापुरात कामाला हंगाम असतो, हेही बघा. जून जवळ आला की गणवेशाची घाई, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे यात्रेत, स्टॉल, दिवाळीआधी सगळीच बाजारपेठ. त्या तोंडावर सोडलं तर दुसरं काम लवकर मिळतं. कॉलेजमध्ये 'कमवा व शिका' आहे का तेही विचारा. पैसे कमी मिळतात, पण काम तासिका सांभाळून असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि कष्ट करून शिकणाऱ्या मुलांना उभं केलं. त्यांच्याच वाटेवरची ही योजना. तिथे काम करण्यात कसलाही कमीपणा नाही.

एका बाबतीत मात्र मी हिशेब मांडू देत नाही. मागच्या गोदामात एकटीने जायची भीती वाटत असेल, कुणी अंगाला हात लावत असेल, तर त्याच दिवशी निघा. मेसचं मी बघते, असं मी मुलींना सांगते आणि बघतेही.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. तिची वही आम्ही दोघींनी मिळून भरली. शिल्लक एकोणीस दिवसांची, परीक्षेला चाळीस दिवस. मी तिला सोडू नको म्हटलं, पण दोन तास कमी करून माग, पगार कापला तरी चालेल, असं सांगितलं. तिने परवा विचारलं. मालकांनी सातला सोडायचं कबूल केलंय, सहाशे रुपये कमी करून. काल ती क्लासला आली तेव्हा पुस्तक सोबत होतं.