रिक्षाची वेस

पार्ल्याहून माहीमला निघालो की माझी रिक्षा वांद्र्याच्या टोकाला, खाडीच्या अलीकडे थांबते. परवा भर पावसात रिक्षावाल्याला म्हटले, पूल तेवढा ओलांडून द्या. त्याने शांतपणे मीटर बंद केला आणि म्हणाला, ‘‘साहेब, आपली हद्द इथपर्यंतच.’’ अर्धवट उघडलेल्या छत्रीखाली टॅक्सीची वाट पाहत उभा राहिलो तेव्हा जाणवले, की ही हद्द रिक्षापेक्षा पुष्कळ जुनी आहे.

खाडीच्या पलीकडची मुंबई इंग्रजांकडे गेल्यानंतरही अलीकडची साष्टी, म्हणजे वांद्रे-पार्ल्याचे बेट, शंभराहून अधिक वर्षे इंग्रजांच्या हाती नव्हती; ती आधी पोर्तुगीजांची आणि मग मराठ्यांची होती. ती इंग्रजांनी घेतली १७७४ साली. त्यानंतरही माहीमहून वांद्र्याला यायचे म्हणजे नावेतच बसावे लागे. अखेर १८४५ साली पूल झाला, तो अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले म्हणून, आणि तेही जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही या अटीवर. (त्याच खाडीच्या मुखाशी २००९ साली सागरी सेतू झाला. तिथे टोल आहे, आणि रिक्षाला तर मुळीच प्रवेश नाही.)

पूल झाला तरी वांद्रे मुंबईचे झाले नाही. १८७६ साली त्याची स्वतःची नगरपालिका स्थापन झाली आणि रस्ते, दिवे, गटारे यांचा कारभार पाऊणशे वर्षे गावातूनच चालला. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला, त्याचेही ठाणे वांद्र्यालाच होते. पुढे १५ एप्रिल १९५० रोजी वांद्रे, पार्ले-अंधेरी, कुर्ला अशा शेजारच्या नगरपालिका बृहन्मुंबईत विलीन झाल्या, आणि १९५७ साली हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. कागदोपत्री वेस पुसली गेली.

कागदोपत्री असे म्हणायचे, पण महापालिकेच्या कागदांवरसुद्धा ती नीट पुसलेली नाही. कुलाब्याच्या ए वॉर्डापासून निघालेली अक्षरे माहीम-दादरच्या जी उत्तरपाशी येऊन थांबतात आणि पूल ओलांडला की एच सुरू होतो. म्हणजे विलीन झालेल्या गावांना जुन्या शहराच्या अक्षरांमध्ये जागा मिळाली नाही, ती त्यांच्या मागे रांगेत उभी राहिली. विजेच्या बिलाची गोष्ट तर याहून गमतीची आहे. बेस्टची लाल बस आमच्या दारावरून जाते, पण बेस्टची वीज माहीम आणि शीव येथेच थांबते. आमच्या घरातला दिवा वेगळ्या कंपनीच्या तारेवर लागतो, आणि १९२९ साली स्थापन झालेल्या त्या कंपनीच्या मूळ नावातच ‘सबर्बन’ हा शब्द होता. बिलावरचा मथळा पुढे बदलत गेला, पुरवठ्याची हद्द मात्र खाडीपाशीच राहिली. माहीमचा मित्र आणि मी एकाच महापालिकेचे करदाते असूनही एकमेकांच्या विजेच्या दराबद्दल परदेशातल्यासारखी चौकशी करतो.

खरी चिवट वेस मात्र बोलण्यात आहे. माझी आजी दादरला साडी आणायला निघाली, की ‘मुंबईला जाऊन येते’ असे सांगून निघे. पार्ले मुंबईत येऊन तेव्हा कितीतरी वर्षे झाली होती, आणि घरपट्टीची पावतीही तीच आपल्या डब्यात जपून ठेवी. त्या पावतीवर कोणत्या महापालिकेचे नाव आहे ते तिला पक्के ठाऊक होते. तरीही दादरहून परतल्यावर पिशवी खाली ठेवत ती म्हणायची, ‘‘बाई, काय ती मुंबईची गर्दी!’’

टॅक्सी मिळाली आणि पूल ओलांडून माहीमला उतरलो, तोच पार्ल्याहून आईचा फोन आला.

‘‘पोचलास का रे? मुंबईत पाऊस आहे का?’’

‘‘नाही,’’ मी म्हटले, ‘‘मुंबईत थांबलाय.’’