उणे ११ आणि शून्य

मुलांच्या वागण्याला जमा-वजा पॉइंट देणारं एक अ‍ॅप मी वर्गात वापरत होते. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला आठवड्याचे पॉइंट फळ्यावर लावायचे, हा माझा शिरस्ता होता. सहावीचा वर्ग, ४२ मुलं, प्रत्येकाचा एकेक चिमुकला राक्षस आणि त्याच्या कोपऱ्यात आकडा. हिरवा म्हणजे जमेचा, लाल म्हणजे वजा. त्या दिवशी यादी उघडली तेव्हा आधी खसखस पिकली, मग वर्ग एकदम चिडीचूप झाला. एका मुलाच्या राक्षसावर लाल आकडा होता, उणे ११.

हसणाऱ्यांत त्याच्या गटातलं कोणी नव्हतं. सात जणांच्या गटाची बेरीज त्यानं एकट्यानं तळाला नेली होती आणि मैदानावर सगळ्यांच्या आधी जायचा मान त्यांच्या हातून गेला होता. शेजाऱ्यानं काही न बोलता दप्तर उचललं आणि वीतभर लांब सरकला.

"बाई, मी खेळतच नाहीये हा खेळ." उणे ११ वाला उभं राहून एवढं म्हणाला, खाली बसला आणि पट्टीनं बाकावर ठोकायला लागला. टक. टक. गटातल्या पोरांचे डोळे टॅबवरच्या माझ्या बोटावर.

वजा दिला की एक घोगरा, उतरता सूर वाजतो. तो सूर वाजावा म्हणूनच त्याचं ठोकणं चाललं होतं, हे मला बोट टेकवता टेकवता कळलं. मी फळ्यावरची यादी बंद केली आणि दप्तरं भरा म्हटलं. तो आणखी थोडा वेळ ठोकत राहिला. बघायला कोणी उरलं नाही तेव्हा थांबला.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीचे दोन महिने मी त्या अ‍ॅपवर फिदा होते. मधल्या सुट्टीनंतर वर्ग जागेवर यायला सात-आठ मिनिटं जायची, ओरडून घसा बसायचा. आता एका मुलीनं वही उघडली की मी बटण दाबायचे, 'टिंग' व्हायचं आणि अख्खी रांग वह्या उघडायची. एक शब्दही न बोलता! पुढचा 'टिंग' कधी आणि कोणाच्या नावानं वाजेल याचा नेम नसायचा, त्यामुळे सगळ्यांचे कान टवकारलेले. मानसशास्त्रज्ञ स्किनरचं प्रबलन, म्हणजे हव्या वागण्याला बक्षीस देऊन ते पक्कं करणं, आम्ही प्रशिक्षणात घोकलं होतं. आता ते हातात टॅबसारखं धरता येत होतं.

तसा हा खेळ जुनाच आहे. १९६९ साली बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ या तिघांनी अमेरिकेतल्या चौथीच्या एका वर्गात तो खेळवला. मुलं २४, गट दोन. कोणी जागा सोडली किंवा मधेच बोललं की त्याच्या गटाच्या नावापुढे फळ्यावर खडूची खूण. खुणा कमी तो गट जिंकला. गणिताच्या तासाला मुलांचं मधेच बोलणं आधी निरीक्षणाच्या ९६ टक्के वेळा दिसत होतं, ते १९ टक्क्यांवर आलं. नाव घेण्याजोगा परिणाम आहे, आणि तोही खडूच्या खर्चात. पण त्यांच्या त्याच शोधनिबंधात एक बारीकशी हकिगत आहे, ती मी वाचून विसरले होते. एका गटातली दोन मुलं ऐकेनात. त्यातल्या एकानं तर आपण हा खेळ खेळणार नाही, असं जाहीरच करून टाकलं. त्या दोघांपायी बाकीच्यांना शिक्षा नको म्हणून शेवटी त्यांना गटातून बाजूला काढावं लागलं. शुक्रवारी रात्री ते पान पुन्हा समोर आलं तेव्हा मला पट्टीची टक टक ऐकू यायला लागली.

त्या रात्री मी त्या मुलाच्या नोंदी उघडल्या. कागदाच्या वहीत जे कधीच जमलं नसतं ते इथे आयतं असतं, प्रत्येक खुणेपुढे वार आणि वेळ. अकरा वजांपैकी नऊ मधल्या सुट्टीनंतरच्या तासाचे. सलग चार तास उभं राहून मी ज्या तासाला पोचते, तो तास. कारण बहुतेक ठिकाणी एकच, 'जागेवरून उठणे'. पहिल्या बाकावरची एक जण दिवसातून दहादा उठते. माझ्या नोंदीत तिच्या उठण्याला 'मदत' म्हणतात.

तिच्याही बाबतीत एक गोष्ट खटकत होतीच. हल्ली खाली पडलेली वही उचलून देताना ती माझ्याकडे वळून बघायची. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची मनापासून हौस असलेल्या मुलांवर प्रयोग केला होता. चित्र काढलंत तर बक्षीस, असं आधी सांगून ज्यांना बक्षीस दिलं, ती मुलं नंतर स्वतःहून चित्रांकडे कमी वळली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची हौस तशीच राहिली. म्हणजे मेख बक्षिसापेक्षा आधी दिलेल्या वचनात होती. आणि माझ्या वर्गात तर पॉइंटांचा दरफलकच भिंतीवर होता.

नोंदी चाळताना मग शून्य दिसलं. एक मुलगी, चार आठवडे, शून्य. पाच मिळाले आणि पाच गेले, तरी बेरीज शून्यच येते. पण हिच्या नावावर जमा-वजा काही नव्हतंच. अ‍ॅप प्रत्येकाच्या नोंदींतून लाल-हिरवं कडं काढतं, तिचं कडं कोरं होतं. उणे ११ वाल्याला मी निदान अकरा वेळा पाहिलं तरी होतं. तिचा चेहरा आठवायला मला डोळे मिटावे लागले.

हे अ‍ॅप नसतं तर ते मला वर्ष संपेपर्यंत कळलं नसतं, हेही खरं.

सोमवारी मी वजा काढून टाकले, गटांची बेरीज काढली, आवाज आणि फळ्यावरची यादी बंद केली. पालकांना जाणारे लगेचचे निरोपही थांबवले. एका आईनं मागे सांगितलं होतं की शाळेच्या वेळेत फोन वाजला की पोटात गोळा येतो. नोंदी ठेवल्या, पण माझ्यापुरत्या. बुधवारपर्यंत मधल्या सुट्टीनंतरचा गोंधळ पुन्हा पाच मिनिटांवर गेला आणि घसाही बसला. तो मुलगा अजून जागेवरून उठतो. शेजारी अजून वीतभर लांबच बसतो.

गुरुवारी मी शून्यवालीकडे मुद्दाम लक्ष ठेवलं. तास संपल्यावर ती रांगेतल्या वह्या गोळा करते, नीट लावते आणि टेबलावर ठेवून गुपचूप जागेवर जाते. रोज करत असणार. मी तिला जवळ बोलावलं, तू हे करतेस ते माझ्या आज लक्षात आलं, मला फार बरं वाटलं, असं म्हटलं. तिनं मान हलवली, पण हलली नाही.

"पॉइंट नाही देणार?"

मी टॅब उघडला, तिचा राक्षस शोधला आणि बटण दाबलं. शून्याचा एक झाला.

तिनं कान देऊन थोडी वाट पाहिली.

"बाई, वाजलं नाही."