तुम्ही विचारलंत म्हणून: त्या घरी जाऊन मी बोलते काय?

"तुला त्या इराकी लोकांची भाषा येत नाही, मग दुखवट्याला जाऊन करतेस काय?" पुण्याची मावशी विचारते, इथल्या मराठी मैत्रिणीही विचारतात.

मी सिडनीत, फेअरफील्डजवळ राहते. आठवड्यातून दोनदा निर्वासित बायकांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवते. त्यातल्या बऱ्याच जणी इराकमधल्या काराकोशच्या. त्या स्वतः गावाला बगदेदा म्हणतात. २७ सप्टेंबर २०२३, बुधवार. एरवी नऊ जणी असतात, त्या दिवशी दोघीच आल्या आणि हातातला फोन खाली ठेवेनात. तिकडे आदल्या रात्री लग्नाच्या हॉलमध्ये, बंद छताखालीच शोभेची दारू उडवली होती. छताने पेट घेतला. नवरा-नवरी वाचले, शंभराहून जास्त माणसं गेली. वेळेतल्या फरकामुळे ही बातमी इथल्या घरांत पहाटे, चहाच्या आधी पोचली.

हेच गाव ऑगस्ट २०१४ मध्ये इसिस आली तेव्हा एका रात्रीत रिकामं झालं होतं. लोक एर्बिलजवळच्या अंकावात जाऊन राहिले. २०१६ मध्ये गाव इसिसच्या ताब्यातून सुटल्यावर काही जण परतले, काही इथे आले. म्हणजे एक बहीण तिकडे, एक इकडे. 'आपण परत गेलो नाही म्हणून वाचलो' असं कुणी बोलत नाही, पण बसलेल्या बाईच्या मानेवरून कळतं.

पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. शोकसभेसाठी मोठ्या उत्साहाने कागद लिहून नेला: 'अरब ख्रिश्चन बांधवांना श्रद्धांजली'. एका आजोबांनी खिशातून पेन काढलं, 'अरब'वर रेघ मारली, वर 'सुराये' (ते स्वतःला हेच म्हणवतात) लिहिलं आणि कागद परत माझ्या हातात दिला. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. ही माणसं सुरेथ बोलतात, म्हणजे अरामी या प्राचीन भाषेची आजची बोली. कुणी स्वतःला असिरियन म्हणवतो, कुणी खाल्डियन. काराकोशचे बहुतेक सीरियाक कॅथलिक या चर्चचे. कोण कुणात मोडतं यावर त्यांच्यात भरपूर वाद आहेत. मी त्यात पडत नाही. समोरचा जे सांगेल ते नाव.

आकडा मात्र मी कधीच विचारत नाही. मी उमरग्याची. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर गाड्या भरभरून लोक यायचे आणि उतरल्या उतरल्या विचारायचे, "तुमच्या घरातले किती?" तेव्हा मी शाळेत होते. अजून तो प्रश्न कानात आहे.

तर करते काय? आपल्याकडे दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मी पिठलं-भात घेऊन गेले. तिथे आधीच पातेल्यांची रांग लागलेली. कमी होते ते हात. आल्या-गेल्याला छोट्या बिनकानाच्या पेल्यांत कडू कॉफी देतात, साखर नाही. एकामागून एक माणसं येत राहतात आणि पेले संपतात. मी पेले विसळले. मग एकीच्या नवऱ्याच्या कामावर फोन करून रजा मागितली, कारण त्याच्या तोंडून इंग्रजी फुटेना. एका शाळेला मेल लिहिली की मुलगा वर्गात झोपला तर झोपू द्या, घरात रात्रभर फोनवर अंत्यविधी चालू असतात. तो फोन टिश्यूच्या खोक्याला टेकवून ठेवलेला असायचा. आवाज बारीक, बायका समोर.

बोलायचं म्हणाल तर दोनच शब्द शिकले: 'अलाहा मनीखले', देव त्याला विसावा देवो. बाईसाठी शेवटी 'ला' लागतो. मी हमखास चुकते, आणि त्या तशातही मला दुरुस्त करतात.

पहिल्या दिवशी निघताना सवयीने गप्पच राहिले. अशा घरातून आपण 'येते' म्हणत नाही ना. चपला घालत होते, तेवढ्यात आतून आम्ही आदल्या आठवड्यात वर्गात घोकलेलं वाक्य आलं, इंग्रजीत, अगदी व्याकरणशुद्ध: "उद्या तुम्ही किती वाजता याल?"