दोन्ही बाजूंनी ओरखडलेली रिंग

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या आमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात एक सायकल आली, तीही तीन माणसं घेऊन. एक कॉलेजचा पोरगा, कोपर सोललेलं. त्याचा मामा, आवाज चढलेला. आणि एक रिक्षावाला, ज्याला मामानं जवळजवळ धरूनच आणलं होतं.

"मिस्त्री, बघा हे. ह्यानं कट मारला. नव्या चाकाचा खर्च सांगा, आत्ता इथंच घेतो ह्याच्याकडनं."

"व्हय, हॉर्न मारला मी," रिक्षावाला म्हणाला, "पण सायकलीला हात न्हाई लावला."

सायकल पातळ चाकांची, 700 बाय 28 टायरची, म्हणजे टायर 28 मिलिमीटर रुंद. पुढचं चाक भाजलेल्या पापडासारखं वळलं होतं. असं चाक बघितलं की कुणीही म्हणेल, बाजूनं काहीतरी आदळलं. ते अगदी चूकही नाही. चाक वरून येणारं वजन खूप पेलतं, पण आडव्या धक्क्याला ते कच्चं असतं. तारांचा ताण दोन्हीकडून सारखा असतो तोवरच ते सरळ उभं राहतं. रिक्षाचा बंपर लागला असता तर असंच झालं असतं. फक्त मग तारांवर, हबवर म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, किंवा पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या पायावर एका बाजूला खूण हवी. रंग खरवडलेला, एखादी तार आत दबलेली. तसं काहीच नव्हतं.

टायर काढला. ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. अशी भोकं खिळ्यानं पडत नाहीत. टायर एखाद्या धारेवर जोरात आदळला की ती धार आणि रिंगच्या दोन कडा यांच्यामध्ये ट्यूब चिमटून पडतात. रिंगवर त्याच जागी सपाट ठेच होती. आणि ठेचेच्या मागे, जिथं ब्रेकचे रबर घासतात त्या पट्ट्यावर, वीतभर लांब ओरखडे. ते दोन्ही बाजूंना होते. उजवीकडचे ओरखडे पुढच्या टोकाला जास्त खोल, डावीकडचे मागच्या टोकाला.

एका बाजूनं धक्का बसला तर रिंग एकाच बाजूला घासते. दोन्ही बाजूंना, तेही तिरकस समोरासमोर, म्हणजे चाक दोन कडांच्या मध्ये सापडलं आणि तिथंच पिळलं गेलं. मी पोराला विचारलं, "गटाराच्या जाळीवरनं गेलास काय?"

तो म्हणाला, "काय आठवत न्हाई काका. हॉर्न वाजला, मी कडंला घेतली, आणि एकदम हँडल थांबलं."

हँडल थांबलं. हे शब्द त्या दहा दिवसांत मी तिसऱ्यांदा ऐकत होतो. आधीच्या दोन सायकली अजून दुकानातच टांगलेल्या होत्या. एक बँकेत जाणाऱ्या ताईंची, 32 टायरची. त्यांना वाटलं, ब्रेक जाम झाला. दुसरी रविवारी पन्हाळ्याला जाणाऱ्या एका गड्याची, 25 ची. तो म्हणाला खड्डा होता, आणि खड्डा म्हटल्यावर कोल्हापुरात कुणी पुढं विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. आता दोन्ही चाकं खाली उतरवून बघितली. तीच ठेच, तेच तिरकस ओरखडे. दोघांना फोन लावला. रस्ता तोच निघाला: रंकाळ्याच्या अंगाचा, थोडा उताराचा.

दुपारी दुकान कामाच्या पोरावर सोपवून टेप घेऊन गेलो. मामा आणि रिक्षावाला रिक्षातनंच आले, मीटर न टाकता.

रस्त्याच्या डाव्या कडेला पावसाचं पाणी जायचं चेंबर आणि त्यावर लोखंडी जाळी. दोन फूट बाय दोन फूट, चौरस. पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं, म्हणजे सायकल जाते त्याच दिशेनं. दोन पट्ट्यांमधली फट 35 मिलिमीटर. मधोमध एक आडवी पट्टी, त्यामुळं प्रत्येक फट जेमतेम फूटभर लांब. एका पट्टीच्या धारेवर ॲल्युमिनियमची चंदेरी रेघ ताजी दिसत होती.

गणित सोपं आहे. 28 टायरचं चाक साधारण 68 सेंटिमीटर व्यासाचं. ते फूटभर लांबीच्या फटीत पडलं की सुमारे साडेतीन सेंटिमीटर खाली उतरतं. म्हणजे टायर सगळा आत, वर रिंगचा सेंटिमीटरभर भागही आत. ओरखडे नेमके तेवढ्याच उंचीवर होते. मग पुढची आडवी पट्टी पायरीसारखी समोर येते. तिथं ठेच बसते, ट्यूब चिमटते. त्यात चाक दोन्हीकडून धरलेलं, हँडल वळत नाही. तोल गेला की माणूस हँडल वळवूनच सावरतो, ते इथं होत नाही. माणूस आणि सायकल एका बाजूला पडतात, चाक फटीतच राहतं आणि पापड होतो.

तीच जाळी पट्ट्या रस्त्याला आडव्या ठेवून बसवली, तर चाकासमोर फूटभराची फट येत नाही, 35 मिलिमीटरची येते. त्यात चाक अर्धा मिलिमीटरही उतरत नाही. हाताला नुसती थरथर लागते.

मग ही जाळी आधी कुणाला का नडली नाही? मामानं हाच प्रश्न विचारला, आणि रागाच्या भरात असूनही तो बरोबर होता. उत्तर जाळीच्या कोपऱ्यावर होतं. मागं डांबरीकरण झालं तेव्हा डांबराचा एक शिंतोडा चौकटीवर उडाला होता, पण त्याचा उरलेला अर्धा भाग जाळीवर समोर नव्हता. तो शेजारच्या बाजूला गेला होता. म्हणजे जाळी फिरली होती. बाजूलाच वाळलेल्या गाळाचा ढीग. पावसाळ्याआधी चेंबर साफ करताना जाळी उचलली आणि ठेवताना चतकोर फिरवून ठेवली. चौरस जाळी कशीही बसते, चूक झाली हे कळायला काही मार्गच नाही. आयताकृती असती तर चतकोर फिरून बसलीच नसती.

बरं, त्याच रस्त्यानं रोज दूधवाले जातात. त्यांच्या जुन्या काळ्या सायकलींना दीड इंची टायर, म्हणजे 38 मिलिमीटर. फट 35 ची, ते वरूनच जातात. रिक्षा, मोटरसायकल यांचा तर प्रश्नच नाही. जे साफसफाईचं काम करतात त्यांच्या चाकाला ती फट लागतच नाही, त्यामुळं दिसतही नाही.

तक्रार कुठं करायची ते रिक्षावाल्यालाच ठाऊक होतं. फोन झाले, नोंद झाली. "माणूस पाठवतो." दोन दिवस कुणी आलं नाही. तोवर मी जाळीवर तिरकी फळी टाकून शेजारी वीट उभी केली. हे बरोबर नाही, पाणी तुंबतं, पण मे महिना होता. तिसऱ्या दिवशी जवळच दुसरं चेंबर उपसणारे दोन कामगार भेटले. त्यांना ओरखडे दाखवले. पहार लावून त्यांनी जाळी उचलली, चतकोर फिरवली, ठेवली. पाच मिनिटंही लागली नाहीत. डांबराच्या शिंतोड्याचे दोन अर्धे पुन्हा जुळले.

मग मी जाळीवर आणि चौकटीवर समोरासमोर येतील अशा दोन पिवळ्या ऑइलपेंटच्या रेघा मारल्या. पुढच्या मे महिन्यात जाळी परत उचलतील, तेव्हा रेघा जुळवाव्या लागतील. जाळी फिरवता येत नाही तिथं दुसरा उपाय आहे: पट्ट्यांवर दर चार बोटांवर आडव्या सळ्या वेल्ड करायच्या. फट कचऱ्याला थोडी जास्त अडवते, साफसफाई वाढते, पण चाक अडकत नाही. बारीक चौकोनी भोकांची जाळी सगळ्यात बरी. आणि एक, आडवी केली तरी ओलं लोखंड साबणासारखं असतं. पावसात तिच्यावरून सरळ जायचं, ब्रेक किंवा वळण तिच्यावर घ्यायचं नाही.

रिक्षावाला सुटला, पण सगळा नाही. मी त्याला म्हटलं, तू लागला नाहीस हे खरं, पण तुझा हॉर्न पोराला त्या जाळीपर्यंत घेऊन गेला. सायकलवाला अगदी कडेला चालतो तेव्हा चेंबर, वाळू, काचा, उघडणारं गाडीचं दार, सगळं त्याच्याच वाट्याला येतं. त्यानं कडेपासून दोन हात सोडून चालावं, आणि मागच्यानं जागा मिळेतो थांबावं. ऊस चालू असतो तेव्हा तर हे जास्तच. ट्रॅक्टरची मागची ट्रॉली वळणावर आतल्या अंगाला कापत येते, ड्रायव्हरला ती दिसत नाही. कडेला चिकटलेला माणूस तिच्याच वाटेत असतो.

राहिली सायकल. तीन-चार मिलिमीटरचा आऊट, म्हणजे चाकाची डगमग, तारा आवळून-सैल करून निघतो. पापड झालेली ॲल्युमिनियमची रिंग गुडघ्याखाली दाबून सरळ करणारे आहेत, पण ती तात्पुरती. धातू थकलेला असतो. रिंग बदलली, हब जुनाच ठेवला, 32 तारा नव्या. चिमटा आधी तपासला. डोक्याच्या नळीला, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीला, पट्टी लावून चिमट्याचे पाय तिच्या रेषेत आहेत का ते बघायचं, आणि फ्रेमच्या खालच्या नळीवर, डोक्याच्या नळीच्या लगेच मागं, रंगाला बारीक सुरकुती पडली आहे का तेही. सुरकुती असेल तर फ्रेम संपली. पोराची फ्रेम ठीक होती, चिमटा लोखंडी आणि किंचित मागं गेलेला, तो हळू दाब देऊन ओढून घेतला. पन्हाळ्याच्या गड्याचा कार्बनचा होता, त्याला सांगितलं बदल, आणि त्यानं बदलला नाही. मी ती सायकल तशी द्यायला नको म्हणालो, तो दुसरीकडं घेऊन गेला.

पोरगा सायकल न्यायला आला तेव्हा म्हणाला, "काका, मोठं टायर बसवा की, अडकायला नको." बसवून बघितलं. 32 चं टायर ब्रेकच्या कमानीलाच घासत होतं.